मुलांचें पहिलें प्राणिशास्त्र



लहान मुलांना प्राण्यांविषयीं काय शिकवावें व तें कोठून सुरू करावें, या विषयावर आज आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय तसा साधा आहे. परंतु तो ज्या रीतीनें मला स्वतःला शिकावा लागला ती रीत साधी नव्हती. म्हणून आरंभीं एका कबुलीजबाबाची आपणांकडे परवानगी मागतों.

मी बुलढाण्यास राहतों. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलें हें गांव. खामगांवच्या रस्त्याला लागलें कीं थोड्याच वेळांत ज्ञानगंगा अभयारण्याचें रान सुरू होतें. आमचें घर जुनें आहे. परसांत विहीर आणि मोरीजवळ कधींकाळीं बांधकामासाठीं आणलेल्या दगडांचा ढीग. माझी नात त्या वेळीं सहा वर्षांची होती. प्राणिशास्त्राचा म्हणून मीं तिला जो पहिला धडा दिला तो एका वाक्याचा होता: साप दिसला कीं ओरडायचें. पाठ करावयास सोपा, आणि तिनें तो पाठ केला.

दोन पावसाळ्यांपूर्वीं एका संध्याकाळीं ती मोरीपाशीं ओरडली. शेजारचे लोक काठ्या घेऊन धांवून आले, आणि हातभर लांबीचा, तपकिरी अंगावर फिकट पट्टे असलेला एक साप आम्हीं सर्वांनीं मिळून मारला. मण्यार म्हणून मारला. दुसऱ्या दिवशीं ओळखीचे एक सर्पमित्र आले. त्यांनीं तो काडीनें उलथून पाहिला आणि म्हणाले, "हे पाहा, पट्टे मानेकडे ठळक आहेत आणि शेपटीकडे विरत गेलेत. मण्याराचं उलट असतं. हा कवड्या. बिनविषारी. तुमच्या भिंतीवरच्या पाली खायला आला होता."

नात तेथेंच उभी होती. तिनें विचारलें, "आजोबा, मग मी ओरडायला नको होतं का?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. ती ओरडली हें योग्यच झालें होतें. सहा वर्षांच्या मुलीनें याहून निराळें करूं नये. पण त्या ओरडण्याचा शेवट एका निरुपद्रवी जीवाच्या मरणांत झाला होता, आणि हें तिच्या ध्यानांत आलें होतें. त्या रात्रीं ती जेवली नाहीं.

सापाची भीति ही अडाण्यांची समजूत आहे असें मी म्हणतों आहें, असा ग्रह कृपा करून कोणी करून घेऊं नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज आहे; त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं. मण्यार रात्रीं हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोंपेंत चावतो. त्याच्या दंशानें पुष्कळदां सूज येत नाहीं कीं फारशा वेदना होत नाहींत. पोटांत कळा येऊं लागतात, पापण्या जड होऊन मिटूं लागतात, तेव्हां घरच्यांना कांहीं तरी झाल्याचें कळतें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर चालणारें प्रतिविष आपल्याकडे तयार होतें. तें रुग्णालयांत मिळतें. मांत्रिकाकडे मिळत नाहीं. तेव्हां मुलानें सापापासून दूर राहावें, त्याला हात लावूं नये, मोठ्या माणसास हांक मारावी, हा नियम माझ्या घरांत आजही कायम आहे. मात्र एवढ्या नियमाला मी प्राणिशास्त्र समजत होतों, ही माझी चूक.

आपल्या सुशिक्षित घरांतून ही चूक निराळ्या वेषांत वावरते. मुलांना आपण सुंदर चित्रांचीं पुस्तकें देतों. त्यांत जिराफ असतो, झेब्रा असतो, बर्फावरचा पेंग्विन असतो. माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्याहून आला होता. त्यानें लक्षावधि वर्षांपूर्वीं नष्ट झालेल्या दहा महाकाय सरड्यांचीं नांवें न अडखळतां म्हणून दाखविलीं, आणि भिंतीवर पाल आहे म्हणून दोन दिवस न्हाणीघरांत पाऊल टाकलें नाहीं. मला हंसूं आलें. पण विचार करतां, त्याला नांवें देण्यांत आणि माझ्या नातीला भीति देण्यांत फारसें अंतर नव्हतें. दोघांनींही प्राणी पाहिलाच नव्हता.

म्हणून आम्ही आजोबा-नातींनीं एक करार केला. कोणत्याहि प्राण्याचें नांव विचारावयाचें तें शेवटीं. आधीं त्याच्याविषयीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या तीन गोष्टी सांगावयाच्या. सांगतां येत नसतील तर उद्यां पुन्हां पाहावयाचें.

पहिला मान पालीला मिळाला, कारण मेलेला कवड्या तिच्यासाठींच आला होता. रोज जेवणानंतर ओसरीवरील दिव्याखालीं आम्ही पांच मिनिटें बसूं लागलों. पहिल्या रात्रीं नातीला "ती पांढरी आहे" यापलीकडे कांहीं दिसलें नाहीं. तिसऱ्या रात्रीं तिनें सांगितलें कीं पाल डोळे मिटतच नाहीं, आणि मधूनच जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा चाटते. साठ वर्षें पालींच्या सहवासांत राहून हें माझ्या पाहण्यांत आलें नव्हतें! पालीच्या डोळ्यावर हलणारी पापणी नसते, पारदर्शक पडदा असतो. तो स्वच्छ ठेवावयास तिला जिभेखेरीज दुसरें साधन नाहीं. मग खिडकीच्या कांचेवर बसलेल्या पालीचीं बोटें बाहेरून पाहावयास मिळालीं. बोटांखालीं घड्या असतात. त्या घड्यांवर डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म केंस दाटीनें उभे असतात आणि प्रत्येक केंसाचें टोंक पुन्हां फाटलेलें असतें. हीं टोंकें भिंतीच्या इतकीं निकट जातात कीं भिंतीचे कण व केंसाचे कण यांच्यामध्यें क्षीण आकर्षण उत्पन्न होतें. एका केंसाचें बळ तें केवढें! पण असे असंख्य केंस मिळून पालीचा भार तोलतात. डिंक नाहीं, चिकटा नाहीं. बोट कडेनें उचललें कीं पकड सुटते.

येथें गृहिणींसाठीं एक गोष्ट सांगून टाकतों. दुधांत पाल पडली तर दूध विषारी होतें असें आपण ऐकत आलों. आपल्या घरांतल्या पालीला विष नाहीं. दूध टाकूनच द्यावें, पण तें अस्वच्छतेमुळें. पालीच्या अंगावर व विष्ठेंत रोगजंतु असूं शकतात.

एके दिवशीं नात आपण होऊन म्हणाली, "आजोबा, त्या सापाचे डोळेपण मेल्यावर उघडेच होते." मेलेल्या माणसाचे वा जनावराचे डोळे उघडे राहूं शकतात, ही गोष्ट निराळी, पण तिची दृष्टि योग्य ठिकाणीं गेली होती. सापालाही पापण्या नसतात. पाल, सरडा, घोरपड आणि साप हीं एकाच मोठ्या कुळांतलीं आहेत, हें पुस्तकांतलें वाक्य मीं तेव्हां तिला सांगितलें, आणि तें तिला पटलें, कारण त्याचा पुरावा तिनें आधींच गोळा केला होता.

त्या दिवाळींत तिचे वरचे पुढले दोन दांत पडले. ही घटना आमच्या अभ्यासाला भलतीच उपकारक ठरली. आमच्या गवळ्याच्या गोठ्यांत गाय जांभई देत असतां नातीनें पाहिलें कीं गाईलाही वरचे पुढले दांत नाहींत. "हिचे कधी येणार?" असा तिनें सहानुभूतीनें प्रश्न केला. ते येत नसतात. गाईच्या वरच्या जबड्याला पुढल्या बाजूस टणक गादी असते. जिभेनें गवताचा झुबका आंत ओढून, खालचे दांत त्या गादीवर दाबून ती तो तोडते, आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याला मात्र वर व खालीं दोन्हीकडे दांत असतात. म्हणून तो गवत अगदीं बुडाशीं कुरतडूं शकतो.

आणि ज्ञानगंगेचें अस्वल! त्याच्या वरच्या जबड्यांतले मधले दोन दांत मुळांतच नसतात. बोथ्याच्या जंगलांतून जातांना वाटेच्या कडेला उकरलेलें वारूळ दिसलें, तेव्हां मोटार न थांबवितांच मीं तिला ही हकीकत सांगितली. अस्वल लांब नखांनीं वारूळ फोडतें, फुंकर मारून माती उडवितें, नाकपुड्या मिटून घेतें, आणि ओंठांची नळी करून दांतांच्या त्या फटींतून वाळवी ओढून घेतें. ओढण्याचा आवाज बराच दूर ऐकूं जातो. नातीनें लागलीच स्वतःच्या फटींतून हवा ओढून पाहिली. पुढचे कांहीं दिवस आमच्या घरीं भात याच पद्धतीनें खाल्ला जात होता आणि सूनबाईंचा माझ्यावर रोष होता, हें ओघानें आलेंच.

पण तीच मुलगी दुसऱ्या दिवशीं शाळेंतून येऊन म्हणाली, "अस्वल माणसांना मारतं. ते वाईट आहे." अभयारण्याच्या भोंवतालच्या गांवांतून शेतावर वा मोहफुलें वेंचावयास गेलेल्या माणसांवर अस्वलाचे हल्ले होतात, हें खरें आहे, अशा माणसांचे चेहरे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांच्यापुढें अस्वलाचें कौतुक करण्याचें धाडस मी करणार नाहीं. तिला मीं एवढेंच सांगितलें कीं अस्वलाची नजर मंद असते, खालीं मान घालून वास घेत तें चालतें, आणि माणूस अगदीं जवळ येईपर्यंत पुष्कळदां त्याला उमगत नाहीं. मग तें दचकतें, आणि दचकलेलें अस्वल पळत नाहीं, अंगावर येतें. पाठीवर पिलें असतील तर अधिकच. चांगलें आणि वाईट हे शब्द गोष्टींतल्या कोल्ह्या-लांडग्यांना शोभतात. मुलांच्या हातीं या दोन शब्दांखेरीज दुसरें कांहीं नसलें म्हणजे तीं तेच वापरतात, "तें असें केव्हां करतें?" हा प्रश्न त्यांना द्यावा लागतो.

वाघाची गोष्ट सांगितल्यावांचून आमच्या जिल्ह्याचा माणूस आतां राहूं शकत नाहीं. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून एक तरुण नर वाघ निघाला. त्याच्या गळ्यांत संशोधकांनीं पट्टा बांधला होता व त्या पट्ट्यावरून उपग्रहाच्या साहाय्यानें त्याचा ठावठिकाणा कळत होता. शेतें, नाले, रस्ते ओलांडीत, मराठवाड्याच्या व तेलंगणाच्या हद्दींतून फिरत, तो डिसेंबराच्या सुमारास आमच्या ज्ञानगंगेंत येऊन पोंचला. पुढील हिंडणें धरून सुमारें नऊ महिन्यांत त्याची चाल ३,००० किलोमीटरांच्या घरांत गेली. नातीनें विचारलें, "त्याला आईची आठवण येत नव्हती का?" वाघाचे बछडे साधारण दोन वर्षांचे झाले कीं आईपासून वेगळे होतात आणि स्वतःचें क्षेत्र, सावज व जोडीदारीण शोधूं लागतात, हें मला सांगतां आलें. त्याला काय वाटत होतें हें पट्ट्यावरून कळत नाहीं, हेंही सांगितलें.

तो वाघ आम्हांला दिसला नाहीं. पण वाघाचें पाऊल घरीं पाहतां येतें. जमिनीवर तांदळाचें पीठ पातळसें पसरावें आणि पलीकडे दुधाची वाटी ठेवावी. मांजर गेल्यावर पाहावें: चार बोटें, मागें गादी, आणि नखांची खूण नाहीं, कारण चालतांना मांजर नखें आंत ओढून घेतें. कुत्र्याच्या पावलांत नखांचे ठिपके उमटतात. वाघाचें पाऊल हें मांजराचेंच. फक्त तें ताटलीएवढें.

शहरांतील श्रोते म्हणतील, तुम्हांला जंगल शेजारीं आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर काय पाहावें? गॅलरींत पाण्याचें भांडें ठेवा. कावळा चोंचींत पाणी घेऊन मान वर करतो. कबूतर चोंच पाण्यांत बुडवून गटागटा ओढून घेतें. चिमणी दोन्ही पायांनीं उडत चालते, साळुंकी माणसासारखीं पावलें टाकते. कोळी आणि मुंगी शेजारीं शेजारीं दिसल्या तर पाय मोजावे: मुंगीचे सहा, कोळ्याचे आठ, म्हणून कोळी हा कीटक नव्हे. आमच्याकडे पावसाच्या आरंभीं वाणी नांवाचे लालसर, गोल वेटोळें करणारे प्राणी शेतांत व अंगणांत निघतात. त्यांचे पाय मोजण्याचा प्रयत्न नातीनें तीनदां केला आणि तीनदां निराळी संख्या आली. वाणीच्या शरीराच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन दोन जोड्या असतात, गोमेच्या वळ्याला एकेक, इतकें कळल्यावर तिनें मोजणें सोडून दिलें.

हिंवाळ्यांत आम्ही लोणारला गेलों. आकाशांतून आलेल्या प्रचंड दगडाच्या आघातानें काळ्या खडकांत पडलेलें हें पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंद विवर, आणि त्याच्या तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर, आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. विवरांतील पडक्या देवळांत वटवाघळें राहतात. "काळे पक्षी!" नात म्हणाली, आणि कराराची आठवण होऊन तिनें जीभ चावली. आम्ही दाराबाहेरूनच पाहिलें. त्यांच्या वस्तींत शिरूं नये. पिसें दिसत नव्हतीं, अंगावर लव होती. कान होते. एका मादीच्या छातीला पिलूं चिकटलेलें होतें, आणि तें दूध पितें हें मीं सांगितलें. मग ओला रुमाल पसरलेल्या बोटांवर ताणून तिला वटवाघळाचा पंख करून दाखविला, कारण तो पंख म्हणजे खरोखरच हात आहे; चार बोटें लांबच लांब वाढलेलीं, त्यांच्यामध्यें कातडें, आणि आंगठा मोकळा. तिनें तो रुमाल परतीच्या प्रवासभर हाताला बांधून ठेवला.

याच सरोवराचें पाणी २०२० च्या जूनमध्यें गुलाबी झालें होतें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासणी केली, तेव्हां मीठ मानवणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांच्या अंगच्या रंगानें तें तसें झाल्याचें आढळलें. पाणी आटून खारटपणा वाढला तशी त्यांची संख्या वाढली, आणि पावसानें पाणी पातळ झाल्यावर रंग ओसरला. हे जीव ना प्राणी ना वनस्पति. नातीला हें मुळींच आवडलें नाहीं. तिच्या वहींत प्राण्यांसाठीं एक बाजू आणि झाडांसाठीं एक बाजू होती; तिसरी कोठें काढावी यावर बराच खल झाला.

आतां गेल्या पावसाळ्याची हकीकत सांगतों आणि आपली रजा घेतों. आषाढांतील रात्र होती, दिवे गेले होते. नात ओसरीवरून आंत आली. ओरडली नाहीं, पण आवाज कांपत होता. "आजोबा, मोरीच्या दगडांत साप गेला. मी लांब होते." मीं विजेरी घेतली, घरांतील मुलांना आंतल्या खोलींत नेलें, आणि त्या सर्पमित्रांना दूरध्वनि केला. काठ्या कोणी काढल्या नाहींत. ते आले, दगड हलविले, साप सांपडला नाहीं. तेव्हां त्यांनीं नातीला विचारलें, तूं काय पाहिलंस? तिनें सांगितलें: अंग काळें आणि चकचकीत, मानेजवळ पट्टे नव्हते, शेपटीकडे पांढरे पट्टे जवळ जवळ. ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलांच्या सांगण्यावर मी सहसा विसंबत नाही. एवढ्याशा अंधारात माझीसुद्धा चूक होते. पण आज कोणाला खाली निजवू नका."

खालीं अंथरलेलीं अंथरुणें आम्हीं उचललीं. प्रत्येक गादी झटकली, सर्वांना खाटांवर घेतलें, मच्छरदाण्या बांधून त्यांच्या कडा गाद्यांखालीं चारी बाजूंनीं खोंचल्या. दुसऱ्या दिवशीं गडी बोलावून तो दगडांचा ढीग हलविला. तो कित्येक वर्षांपूर्वींच हलवावयास हवा होता.

त्या रात्रीं मच्छरदाणींत पडल्या पडल्या नातीनें विचारलें, "मण्यार काय खातो? पाली?"

"कधी पाली, कधी उंदीर, बेडूक. पण जास्त करून दुसरे साप."

"कवड्यासुद्धा?"

"कवड्यासुद्धा."

ती बराच वेळ गप्प होती. मग उठून बसली, आणि माझ्या बाजूची मच्छरदाणीची कड नीट खोंचली आहे कीं नाहीं हें तिनें हातानें चांचपून पाहिलें.